शेनबाईंची युए

४ सप्टेंबर २००५, शांघाय
पोचले! अण्णा जहाजावर असताना अकरा वेळा या बंदराला लागले, पण शहर बघायला एकदाही उतरता आलं नाही. आता त्यांची मुलगी इथे वर्षभर व्यापार आणि संस्कृती शिकणार. पूर्णगडातून इथवर आलेली मी पहिलीच. आई मात्र एस.टी.पर्यंतसुद्धा आली नाही. लग्नाचं बघायचं सोडून चीन कसलं, हेच शेवटपर्यंत. असो. विद्यापीठानं माझी सोय शेनबाईंकडे केलीय. पन्नाशीच्या विधवा, हसऱ्या, तोडकंमोडकं इंग्रजी बोलतात. घरात घालायला सपाता दिल्या, अगदी माझ्या मापाच्या. नोंदणीसाठी पासपोर्टही त्याच घेऊन गेल्या.

९ सप्टेंबर
वर्गात सगळ्यांना चिनी नाव घ्यायचं होतं. शेनबाईंनी सुचवलं, युए. म्हणजे चंद्र. सरांनी हजेरीत 'शेन युए' लिहून टाकलं. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, हे आज शिकले. जेवताना बाई माशाच्या गालाचा मऊ तुकडा काढून माझ्या वाटीत ठेवतात. आईनं कधी— जाऊ दे.

२६ सप्टेंबर
शेजारणीकडून कळलं, युए ही बाईंची मुलगी. माझ्याच वयाची. तीन वर्षांपूर्वी नदीत बुडाली, प्रेत मिळालं नाही. बाईंना विचारलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तिला लांब जायचं होतं, समुद्राजवळ राहायचं होतं, मीच सोडलं नाही. मी पासपोर्ट मागितला. मिळेल, म्हणाल्या.

१३ ऑक्टोबर
दुपारी घरी फोन केला. आल्यापासून रागानं केलाच नव्हता. आईचा आवाज इतका मऊ, की ओळखूच येईना. "काय गो, आज दुसऱ्यांदा? सकाळी तर बोललीस." मी म्हटलं, ती मी नव्हते. ती हसली. म्हणाली, रोज फोन करतेस, गोड बोलतेस, तिकडे जाऊन बरी सुधारलीस गो.
मी फोन ठेवला. माझ्यापेक्षा तीच आवडलीय आईला.

२१ ऑक्टोबर
विद्यापीठाच्या कचेरीत गेले. वेदिका भाटकर १७ तारखेला देश सोडून गेली, अशी नोंद. मग मी कोण, विचारलं. कारकुनानं यादीतल्या फोटोवर बोट ठेवलं. शेन युए. फोटो माझा. मी रडत रडत इंग्रजीत सगळं सांगितलं. तो म्हणाला, परदेशी म्हणवता, पण चिनी किती स्वच्छ बोलता!

२४ ऑक्टोबर
अण्णांनी फोन उचलला. पलीकडे आई कुणाशी तरी हसत होती. माझ्याबरोबर इतकं कधी हसली नाही. ओरडले, अण्णा, मी वेदू! ते आत सांगत होते, वेदू, कोण बाई आहे गो, चिनी बोलत्येय वाटतं, तूच बघ.
ती आली. माझा आवाज. आधी मराठीत म्हणाली, अण्णा, तुम्ही जेवायला बसा. पूर्णगडचाच हेल. मग हळूच चिनीत—
माझ्या आईला सांभाळ. मी तुझ्या आईला सांभाळते.

२९ ऑक्टोबर
फोन लागत नाही. शब्द सुटतायत. घरी आणायचे ते मासे— बोंबील— आणि तो चपटा, पांढरा— नाव—

२ नोव्हेंबर
बाईंनी केस विंचरले. मी त्यांचा हात झटकला नाही. दार उघडंच असतं. जाणार कुठे? वाट बघायला कुणी—
हाक मारतायत. युए. मी ओ दिली. तोंडातून आपोआप आलं, आ—