करड्या वायरींच्या गाठी

तीर्थरूप मामांस, आणि हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या मामींस, दोघांना मिळून साष्टांग नमस्कार. (गेले काही दिवस मी तुमच्या मोटरसायकलशेजारी जमिनीवर आडवाच आहे, त्यामुळे नमस्कारासाठी वेगळं वाकावं लागलं नाही.) इकडे सगळे खुशाल. आईच्या गुडघ्यांची तक्रार आहे, पण ती स्वतः काही बोलत नाही, जिना चढताना गुडघेच बोलतात. तुमच्या डोळ्यांचं कसं काय? मामी फोनवर म्हणाल्या की समोरच्याचा चेहरा दिसत नाही, कान मात्र स्पष्ट दिसतात. आपल्या घराण्यातले चेहरे पाहता यात तुमचं फारसं नुकसान नाही, तरी काळजी घ्यावी.

मामींना एक विनंती. पत्रात जिथे कंस येईल तिथला मजकूर मनातल्या मनात वाचावा, मामांना ऐकवू नये. (पहिला कंस तुम्ही ऐकवून मोकळ्या झालात, हे मी इथे बसून सांगतो. पुढचे तरी जपा.)

मामा, डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुमच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि तुम्ही गाडी माझ्याकडे पाठवून दिलीत. त्यानंतर तुम्ही खुर्चीत बसलात ते बसलातच. आईला बसच्या पायऱ्या चढवत नाहीत, नाहीतर तीच आली असती. आणि तुम्हाला आणायचं म्हटलं तर तुम्ही म्हणता, 'मला कुणी कुठे न्यायचं नाही. नेतात ते सामान.' या तुमच्या एका वाक्यापायी दोघं भावंडं दोन गावांत दोन खुर्च्यांवर बसून आहात. आईला तुमची फार आठवण येते. ती हे सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

आता मूळ गुन्ह्याकडे वळतो. गाडी पाठवताना तुम्ही एकच अट घातली होती, वायरिंगला हात लावायचा नाही. मी लावला. नुसता लावला नाही, कोपरापर्यंत घातला. मला गाडीला धुक्यातले दिवे, मोबाईलचा चार्जर आणि एक दणदणीत हॉर्न बसवायचा होता. हॉर्न कशासाठी ते शेवटी सांगेन. तुमचे जुने जोड वायरी एकमेकींत पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेले होते, आणि पावसात त्या पट्टीचा चिकटपणा पार उतरला होता. सर येऊन गेली की डावा इंडिकेटर आपल्या मनानं लुकलुकायचा, मग मागचे लोक डावीकडे वळण्याची वाट बघायचे आणि मी सरळ निघून जायचो. स्पेअर पार्टच्या दुकानदाराकडे गेलो तर त्यानं पाणी न शिरणारे कनेक्टर समोर ठेवले. खटकन एकमेकांत बसतात, ओढले तरी निघत नाहीत. म्हणाला, 'विहिरीत टाका, काही होणार नाही.' आता गाडी विहिरीत टाकायचा माझा काही बेत नव्हता, पण असं कुणी म्हणालं की माणूस जास्तच घेतो.

घरी येऊन टाकी उतरवली आणि बघतो तर खाली सगळीकडे एकाच करड्या रंगाची वायर. (मामा कामाला होते त्या सिनेमागृहातले जुने स्पीकर काढले तेव्हा त्यांची वायर कुठे गेली, हे कोडं आता सुटलं. मामी, हा कंस विशेष जपा.) आणि त्या वायरींना ठिकठिकाणी गाठी! एकीला एक, दुसरीला दोन, एकीला तर अख्खी माळ. तुम्हाला माझा धंदा ठाऊक आहे. दिवसभर छापखान्यात बसून लोकांच्या मजकुरातली जादा टिंबं उडवणारा मुद्रितशोधक घरी आला की एकदम सुधारत नाही. मला वाटलं, वायर लांब झाली म्हणून मामांनी गाठी मारून आखूड केली असेल. अख्खी सकाळ घालवून, आईची स्वेटर विणायची सुई घालून घालून, मी एकूण एक गाठ सोडवली. मग जुने जोड कापले. सगळ्या वायरी सरळ, एकसारख्या, टोकं नीट सोललेल्या. समाधानानं बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, 'छान. आता यातली हॉर्नची कुठली?' मी तिला चहा टाकायला सांगितलं, तर तिनं तो मलाच टाकायला लावला.

पुढचा प्रकार कनेक्टरचा. त्यात प्रत्येक वायरीसाठी एक चिमुकली रबरी नळी येते. आधी ती वायरीवर चढवायची, मग वायरीच्या टोकाला धातूचा तुकडा पक्कडीनं दाबून बसवायचा, मग सगळं आत सरकवायचं. पाणी अडतं ते त्या नळीमुळेच. मी आधी सगळी टोकं दाबली, सगळे कनेक्टर खटाखट बसवले आणि नंतर माझ्या लक्षात आलं की नळ्या बशीतच आहेत. निदान बशीत असायला हव्या होत्या. आईनं त्या उचलून विणकामाच्या सुयांच्या टोकांना बसवल्या होत्या, टाके निसटू नयेत म्हणून. तोवर बायकोनं परीक्षा म्हणून दिव्यांवर बादलीभर पाणी ओतलंही होतं. दिवे विझले. घरात पाण्यापासून सुरक्षित अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे आईचं अर्धं स्वेटर. आईची मनधरणी करून नळ्या परत घेतल्या आणि सगळी टोकं पुन्हा केली.

कुठली वायर कशाची, हे मात्र मी अंदाजानं ठरवलं. अंदाज असा निघाला की ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो आणि हॉर्नचं बटण दाबलं की उजवा इंडिकेटर लागतो. हे मला घराजवळ कळलं असतं तर काही बिघडलं नसतं. कळलं ते इस्पितळासमोर. 'शांतता राखा' अशी पाटी, पाटीखाली पहारेकरी, आणि नवा हॉर्न दुकानदारानं सांगितल्याहूनही मोठा. पहारेकऱ्यानं हात वर करून थांबायला सांगितलं. थांबायचं तर ब्रेक, आणि ब्रेक म्हणजे हॉर्न. तो जितका चिडून हात हलवी तितका मी ब्रेक दाबून धरी. वरच्या खिडक्यांतून पेशंट बाहेर डोकावले (त्यातले दोघंतिघं चांगले टवटवीत दिसले, तेव्हा अगदीच वाया गेलं असं नाही). शेवटी गाडी बंद करून ढकलत घरी आणली. इतकं माणसांच्या नजरेला नजर न देता मी कधी चाललो नव्हतो.

आई दारात विणत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सुया मांडीवर ठेवल्या. म्हणाली, 'गाठी सोडवल्यास? अरे, दादा उगाच गाठ मारत नाही. त्या वाचायच्या असतात.' मग तिनं सांगितलं ते मला आजवर माहीत नव्हतं. लहानपणी तुमच्या दोघांच्या दप्तरांच्या नाड्या सारख्याच, आणि पहाटे घरात उजेड नसायचा, म्हणून तुम्ही स्वतःच्या नाडीला एक गाठ मारायचात आणि तिच्या नाडीला दोन. पुढे सिनेमागृहाच्या प्रोजेक्टर खोलीत सगळा कारभार अंधारातच, तिथेही हीच युक्ती. आणि तीच पुढे या गाडीत. एक गाठ दिव्याची, दोन हॉर्नच्या, माळ मागच्या दिव्याची. टाकीखाली हात घालून, तोंडानं दुसरंच काही बोलत, तुम्ही हवी ती वायर ओढून काढायचात. मामा, मला फार वाईट वाटलं. तुमचं हस्ताक्षर मी पुसून टाकलं, तेही मुद्रितशोधक असून.

तर आजची परिस्थिती अशी. दिवे लागतात, ब्रेक बिनआवाजी झाला आहे, चार्जर चालतो. हॉर्न मात्र मुका आहे आणि तो काही केल्या मला बोलता करता येत नाही. दुकानदारानंही हात टेकले. तेव्हा तुम्ही येऊन गाठी पुन्हा माराव्यात. डोळ्यांचं निमित्त सांगू नका. टाकीखाली धडधाकट डोळ्यांच्या माणसालाही काही दिसत नाही, आणि रंग ओळखायचे म्हणाल तर सगळंच करडं आहे. इथे काम बोटांचं आहे, आणि ती तुमची आहेत. मामींच्या शेजारी बसून बसनं या. सामान म्हणून नाही, मेकॅनिक म्हणून बोलावतो आहे.

घरात सगळ्यात मोठे तुम्हीच, तेव्हा मोठ्यांसाठीचे नमस्कार तुमचे तुम्हीच घ्यावेत आणि आशीर्वादातले उरतील ते हॉर्नकडे पाठवावेत.

तुमचा भाचा
(गाडीखालून)

ता. क. : हॉर्न कशासाठी ते सांगायचं राहिलं. तुम्ही कुणाच्याही मागे बसलात की घर येईपर्यंत 'हॉर्न मार, अरे हॉर्न मार' असं चालू असतं, आणि पुढच्यानं मारला नाही की तुमचा जीव वरखाली होतो. म्हणून बटण मागच्या सीटजवळ बसवलं आहे, तुमच्या उजव्या हाताला. पुढे माझ्या हाताशी होतं ते हॉर्नचं बटण आता काढूनच टाकलं आहे. म्हणजे यापुढे गाडी चालवणार मी, पण रस्त्याला काय सांगायचं ते तुम्ही सांगणार. तुम्ही मागे बसल्याशिवाय मला ती बाहेर काढता येणार नाही. (मामी, एवढं ऐकवताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघा आणि मला कळवा.)

ता. क. दुसरा, आईच्या अक्षरात : दादा, हा खोटं बोलतोय. हॉर्न कालच वाजला, सगळी आळी दारात आली. पत्र लिहायला बसायच्या आधी यानं माझ्या डोळ्यांदेखत त्याचा जोड काढून खिशात घातला. गाडीला तुझी काही गरज नाही. मला आहे. हे स्वेटर तुझ्यासाठीच आहे, मागच्या सीटवर वारा लागतो म्हणून. एक बाही झाली, दुसरी मुद्दाम अडवून ठेवली आहे, तू येऊन हात पुढे केल्याशिवाय माप घेणार नाही. वहिनी, मी कंस घातलेला नाही. मोठ्यानं वाचा.