पिंपोबाचा ओटा

प्रिय ताई,

नात तुझ्यावर गेलीय असं विश्वजीत सांगत होता. म्हणजे नाशिकला कुणाचा डोळ्याला डोळा लागत नसणार. पूर्णिमाला म्हणावं, आईला आवरणं आम्हाला जमलं नाही, आता लेकीला आवरून दाखव. तुला तिच्या बाळंतपणाला जाऊन महिना होत आला. इथे तुझ्या तुळशीला विश्वजीत पाणी घालतो, म्हणजे आठवलं तर घालतो. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस आणि या वेळी मला शेवटपर्यंत बोलायचंय. शिवाय मी फार दमलोय. आजची सगळी दुपार मंडळाच्या पोरांसमोर घसा फोडून आलो. विषय अर्थातच तुझा पिंपोबा. तो ओटा पाडायला हवा ताई, आणि तुझ्या शब्दाशिवाय तिथे कुणी हात लावू देत नाही.

गेल्या वर्षीची ती सकाळ तू विसरली नसशीलच. पुलाच्या तोंडाशी, जिथे एक रस्ता वर चढतो आणि दुसरा खालून जातो, तिथे आमच्या ऑफिसने ठेवलेल्या वाळूच्या पिवळ्या पिंपांवर विश्वजीतची गाडी सरळ गेली. पिंपं फुटली, वाळू रस्ताभर झाली आणि तुझे चिरंजीव नाकाचं रक्त पुसत, मोबाईल कुठे पडला म्हणून शोधत बाहेर आले. इतकी वर्षं रस्त्यांची कामं करतोय, पण नोकरीचं सार्थक झालं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. नियाजभाईंच्या गॅरेजमधून त्यांचा फैझल गाडी ओढून न्यायला आला, आणि विश्वजीतला घरी सोडूनही गेला. तू त्याला शिरा खायला घातलास आणि जाता जाता विश्वजीतबरोबर त्याचीही दृष्ट काढलीस. तो लाजून बूट हातात धरून उभा होता.

मग गुरुवारी तू पिंपांना हळदकुंकू वाहून आलीस. मी हसलो. ज्यांनी पोराला वाचवलं ती पिंपं तर भंगारात गेली, तू पुजतेस ती नवी भरती आहे, असं म्हणालोही. तू म्हणालीस, मूर्ती बदलली म्हणून देव बदलतो का? पुण्यात राहून तुला उत्तर सुचणार नाही असं कसं होईल! मग शेजारणी आल्या, हार आले, कुणीतरी पिंपोबा नाव ठेवलं. गाडी घेतली की नारळ तिथेच फुटायला लागला. तोवर ठीक होतं. पण तू नाशिकला गेलीस आणि मंडळाला वाटलं, देव असा प्लास्टिकचा, उघड्यावर, धक्का लागला की फुटणारा बरा दिसत नाही. त्यांनी पिंपांतली वाळू काढून काँक्रीट ओतलं, भोवती ओटा बांधला, वर फरशी बसवली. फोटो तुला पाठवला होता म्हणे, आणि तू हात जोडल्याचं चित्र पाठवलंस.

आठवतं, लहानपणी माळ्यावरून आपण गव्हाच्या पोत्यांवर उड्या मारायचो? पोत्यांवर पडून कधी काही झालं नाही. एकदा माझा नेम चुकला, शेजारच्या फरशीवर पडलो आणि हनुवटीला टाके पडले. पिंपांचं तेच आहे. त्यांनी फुटायचं असतं, गाडीचा जोर अंगावर घ्यायचा असतो. न फुटणारं पिंप म्हणजे नुसती भिंत. आज हे मी मंडळाला खडूने रस्त्यावर काढून दाखवलं. बद्रीनाथ, त्यांचा अध्यक्ष, मान डोलावत होता आणि शेवटी म्हणाला, साहेब, तुमचं शास्त्र बरोबर, पण देव कोपलाय. येत्या गुरुवारी त्याची शांती करायची आणि ओटा हातभर उंच करायचा, असं ठरलंय. पाडायला माणसं पाठवायला ऑफिस तयार आहे, पण बायका ओट्यावर बसणार म्हणतात. मैनाताईंचा देव आहे, त्या आल्याशिवाय नाही. मला आता भांडायचंही त्राण नाही.

देव कोपला असं ते का म्हणतात, ते तुला कुणी सांगितलेलं नाही. गेल्या आठवड्यात फैझलची गाडी त्याच जागी, विश्वजीतसारखीच, सरळ गेली. एक रिक्षा अचानक आडवी आली, एवढंच. ओट्याचा टवकाही उडाला नाही. फैझल गेला, ताई. दफनानंतर नियाजभाईंनी माझा हात धरून सांगितलं, ताईंना इतक्यात कळवू नका, त्या बाळंतिणीच्या घरात आहेत. मी हो म्हणालो होतो आणि तो शब्द आज मोडतोय, कारण गुरुवारनंतर तिथे आणखी कुणाचं तरी पोर जाईल. तू स्वतःला दोष देशील हे मला माहीत आहे. पण तू हळदकुंकू वाहिलंस, काँक्रीट नाही. बुधवारपर्यंत ये. गणपती हलवण्याआधी करतो तशी उत्तरपूजा तुझ्या हातून होऊ दे, मग कुणी आडवं येणार नाही. मी मजूर आणि नवी पिंपं घेऊन तिथेच उभा राहीन. आणि त्यानंतर नियाजभाईंकडे जाऊ. एकटी जाऊ नकोस, मी येतो.

तुझाच,
सुदर्शन