जळणाच्या आडोशाची हकीकत

तीर्थस्वरूप दादांना,

वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही. कारण पुढे येईलच.) आपला गुडघा आणि वहिनींचा खोकला आता बरा असेल, आणि आपली बहीण, म्हणजे माझी बायको, तिकडे उबेत असेल, अशी आशा आहे. मी ठीक आहे. स्वयंपाकघरात हातमोजे घालून लिहितो आहे, तेव्हा अक्षराला हसू नये.

ती निघताना काय बोलली ते आपल्या कानावर आलंच असेल. कोपऱ्यावरच्या गोदामातले लोक माल ठेवायच्या लाकडी चौकटी (त्यांच्या भाषेत पॅलेट) फाटकाबाहेर टाकून देतात. फुकटचं जळण दारात पडलेलं असताना विकत घेणारा मूर्ख, असं मी आमच्या लाकूडवाल्याला भर रस्त्यात समजावलं आणि त्याला गाडीसकट परत पाठवलं. थंडी मात्र माझं ऐकायला थांबली नाही. "बोलण्यानं खोली तापत नाही," असं म्हणून आपल्या बहिणीने बॅग भरली. "चुलीत काहीतरी घाला, मग बोलवा." तेव्हा त्या दिशेने झालेली प्रगती आपल्याला कळवणं माझं कर्तव्य आहे.

गोदामाचा रखवालदार भला माणूस. हवं ते न्या, फक्त परत आणू नका, म्हणाला. मी हातगाडीवरून खेपा घातल्या. आता आपण सुतार, आपल्याला काय सांगायचं, पण पॅलेटचा खिळा हा साधा खिळा नसतो. त्याला अंगभर आटे असतात आणि एकदा आत शिरला की घरजावयासारखा हलत नाही. (मी घरजावई नाही, हे आपण जाणताच.) उचकटायला जावं तर फळी फुटते आणि खिळा जागेवर. एक मात्र अचानक निघाला, आणि मी मागच्या पिंपावर जाऊन बसलो. न वाकण्याचं कारण ते.

रंगवलेल्या आणि तेल सांडलेल्या फळ्या जाळू नका, धूर विषारी असतो, असं शेजारचे मास्तर कुंपणावरून म्हणाले. त्या बाजूला काढल्या. उरलेल्या ओल्या होत्या. पेटवून पाहिल्या, तर ऊब चुलीतच राहिली आणि धूर तेवढा खोलीत आला. मास्तरांचं म्हणणं, लाकूड आधी सुकायला हवं. वर छप्पर हवं, खालून ओल लागायला नको, बाजूने वारा खेळायला हवा. मला पटलं. अंगणात आडोसा उभारायला घेतला. लाकूड होतंच.

दादा, स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण आडोसा झकास झाला. तळाला अख्ख्या चौकटी, तिन्ही बाजूंना फटी ठेवून फळ्या, वर उतरतं छप्पर. दार बसवलं, तेही लागतं. माझ्या हातून सरळ उभी राहिलेली ही पहिलीच वस्तू. (मी ठोकलेलं फडताळ आपण पाहिलं आहे.) लोक बघायला येतात. लाकूडवालाही आला, आत डोकावला आणि गाडी घेऊन पुढे गेला. आत काहीच नव्हतं. सगळं जळण आडोशालाच लागलं होतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात; इथे नाकच शिल्लक नाही.

पुन्हा गोदामावर गेलो. साहेबांनी आता सगळ्या पॅलेट प्लास्टिकच्या घेतल्यात आणि त्या कोणी टाकून देत नाही, असं रखवालदाराने खेदाने सांगितलं.

तरी काळजी नसावी. एकंदर तयारी उत्तम असून फक्त लाकडाचा प्रश्न उरला आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपल्या बहिणीचा नवरा

ता. क. पत्र तिला वाचून दाखवायला हरकत नाही. लाकूडवाल्याचा भाग गाळावा.

पुन्हा ता. क. आडोसाच मोडून जाळा, असं मास्तर म्हणतात. काल सुरुवात केली. खिळे निघेनात (मीच मारलेत). खरं म्हणजे हातही धजत नाही. तिने एकदा तो पाहावा, मग जाळू.

आणखी एक. फळ्या कापायला आपली करवत हवी आहे. पार्सलने पाठवू नये, दात वाकतात. घरच्याच माणसाच्या हाती द्यावी. तिला येणं जमत असेल तर उत्तम. घर थंड आहे हे तिला आधी सांगावं, आणि तिच्याशिवाय मला करमत नाही हेही सांगावं. करवत विसरली तरी चालेल.