टोपाला कान

पप्पा,

आई मामाकडे गेलीय. आपल्या दोघांचं बोलणं तिच्यामार्फतच होतं, म्हणून आज चिठ्ठी.

ओट्यावरच्या मोठ्या टोपात कृपा करून कोलंबी धुऊ नका. तीनदा घासला तेव्हा कुठे सुक्या बोंबलांचा वास गेला. संध्याकाळी त्यात बीअर करायचीय, घरची, माझी पहिलीच. जवाची पिशवी त्यासाठीच आणलीय, कबुतरांना घालू नका. फ्रिजमधली पुडी यीस्टची आहे, तीही राहू द्या.

व्हिडिओत सगळं दाखवतात, पण बीअर नीट आंबतेय की बिघडतेय, हे कुणी धड सांगत नाही. सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. आजोबा ताडीच्या मडक्याला कान लावून ओळखायचे, असं तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतंत. काय ऐकू यायचं त्यांना? बुडबुडे? की आणखी काही? तेव्हाही मी हेच विचारलं होतं, आणि तुम्ही हसून म्हणालात, "मोठा झालास का सांगीन."

ऐरोलीहून सातपर्यंत येतो. मला तिसावं लागलंय, पप्पा.

प्रितेश