नाव सांगा, मग गोळी

सावदा

झुलालभाऊ,

नरडाण्याच्या घरातल्या लहानथोरांना चुडामणचा मनापासून रामराम. तुमची तब्येत विचारत नाही. विचारली की "बठ्ठं बरं शे" म्हणून तुम्ही फोन ठेवता, आणि मागाहून तुमच्या प्रमिलाबाई तुमच्या बहिणीला, म्हणजे आमच्या बेबाबाईला, सांगतात, की दुपारी तुम्हाला घाम सुटतो, हातपाय थरथरतात आणि गूळ तोंडात टाकला की थांबतं. म्हणून हा कागद. (मध्येच ठेवून देऊ नका, बेबाबाईची शपथ आहे.)

इकडे सगळं ठीक. केळीचा घड भरला आहे, आणि मला रोज सकाळी माझ्याच घरात माझं नाव विचारलं जातं.

झालं असं, की आपली नूतन, हितेंद्रची थोरली, नर्सिंगच्या सुट्टीत धुळ्याहून आली ती औषधांचं जाड पुस्तक घेऊन. मी ते चाळलं. त्यात औषधाचा फायदा दोन ओळीत आणि त्रास पानभर. लग्नपत्रिकेत नवरा-नवरी दोन ओळीत आणि भाऊबंद पानभर असतात ना, अगदी तसं. पोरीला हे सगळं पाठ व्हायला हवं, म्हणून घरातच दवाखाना मांडू म्हणालो. माझी चूक तिथेच झाली. तिने पहिल्याच दिवशी औषधं मागितली आणि बेबाबाईने अभिमानाने मसाल्याचा जुना डबा पुढे केला. तुम्ही पाहिलाच आहे तो. पाकिटं जागा खातात म्हणून सगळ्या घराच्या गोळ्या सोलून, रंगाप्रमाणे वाट्यांत लावलेल्या. हळदीच्या जागी पिवळ्या, मोहरीच्या जागी तपकिरी, मिठाच्या जागी पांढऱ्या. नूतन डोक्याला हात लावून खालीच बसली. "आजी, यातली आबांची बीपीची कोणती आणि तुझी कॅल्शियमची कोणती?" बेबाबाई म्हणाली, "दोन्ही पांढऱ्याच की गं!"

डबा गेला. नवीन पाकिटं आली, प्रत्येकाची पिशवी वेगळी, आणि नियम आले: माणूस बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, वेळ बरोबर, मार्ग बरोबर. (मार्ग म्हणजे तोंड, डोळा की कान. कानाचे थेंब मी डोळ्यात घातले होते, तो विषय इथे नको.) बेबाबाईला तिने मुख्य नर्स केलं. दुसऱ्या दिवशी मी पाटावर बसलो, तर ही पदर खोचून समोर उभी. "नाव काय तुमचं? पूर्ण सांगा."

"अगं, संसार झाला आपला, आता नाव विचारतेस?"

"ते मला माहीत नाही. नाव सांगा, मग गोळी."

मी चिडून म्हणालो, विसरलो. तिने गोळी परत पिशवीत घातली, आणि गोळी नाही तर त्यामागचा नाश्ताही नाही. तिकडे फोडणीचा वास सुटला आणि मला माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं आठवलं.

मला हा पोरखेळच वाटत होता. मग शेजारची भिकुबाई आली. चक्कर येते, म्हणून नेहमीची पांढरी गोळी दे म्हणाली. विरजण मागावं तशी ती आमच्याकडून गोळी न्यायची आणि बेबाबाईही द्यायची. या वेळी बेबाबाईने तिलाही नाव विचारलं. "मले वयखत न्हई का वं बेबा?" म्हणून भिकुबाई जी तापली! पण नूतनने तिला बसवून बीपी मोजलं, तर ते पार खाली. तसंच रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. बाईला बीपीचा आजारच नव्हता. डोकेदुखीवर म्हणून ती महिनाभर माझी गोळी खात होती, आणि त्यानेच चक्कर यायची, म्हणून अजून एक न्यायची. डॉक्टरांनी गोळी बंद केली. आता ती ठणठणीत आहे. उडदाचे पापड देऊन गेली, आणि देताना मला नाव विचारून गेली.

जास्त काय लिहू. मोठ्यांना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुमचा,
चुडामण

ता. क. – भाऊबिजेला तुम्ही त्याच डब्यातून गुडघ्यांसाठी म्हणून मूठभर गोळ्या रुमालात बांधून नेल्या. नूतनने खोदून खोदून विचारलं, तेव्हा बेबाबाईला त्यांचा रंग आठवला. भाऊ, त्या गुडघ्याच्या नाहीत, माझ्या शुगरच्या आहेत. तुम्हाला शुगर नाही. तो घाम, ती थरथर त्यामुळेच असेल, असं पोरगी म्हणते. पत्र तिच्याच हाती दिलं आहे, ती चहा प्यायला आलेली नाही. रुमाल तिच्या हातात द्या आणि आजच तिच्याबरोबर धुळ्याला डॉक्टरांकडे जा. तिने नाव विचारलं तर मामाआजोबापणा न दाखवता पूर्ण सांगा. तुमची बहीण दोन दिवस जेवलेली नाही, नीट.

ता. क. २ – हे नूतनला वाचून दाखवू नका. गोळ्यांच्या तक्त्यावर रुग्णाच्या नावापुढे बेबाबाईने 'हे' असं लिहिलं होतं. नूतन म्हणाली, असा रुग्ण चालत नाही, नाव मोठ्याने सांग. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढे कधी नाही. ती देव्हाऱ्याकडे तोंड करून म्हणाली, "चुडामण." उखाणा नाही, काही नाही.

तेव्हापासून रोज सकाळी पाटावर बसलो की मला माझं नाव आठवत नाही.