गढी पडू न देण्याचा उद्योग

१ नोव्हेंबर १९५५. आश्विन वद्य द्वितीया.
दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेचे यंदाचे नाटक कमिटीने माझ्यावर सोपविले. विषय : इंग्रजांनी आमच्या गावची गढी घेतली तो दिवस. संकल्प : माझ्या नाटकात गढी पडणार नाही. इतिहास नेमका कोठे वळवावा, एवढेच शोधणे बाकी.
गढीवरील उपाध्याय आमचे खापरपणजोबा. किल्लेदार हल्ल्यास सज्ज असता ते "थांबा, मुहूर्त नाही" म्हणाले आणि तेवढ्यात तोफ येऊन पोहोचली, असा प्रवाद आहे. आजही मी लग्नात पंचांग उघडले की मांडवातून कोणीतरी "गढी सांभाळा जी" म्हणतो. नाटकाचा याच्याशी काडीमात्र संबंध नाही.

३ नोव्हेंबर.
निश्चित झाले. तोफ वैनगंगेतच बुडते. पलटण माघारी.

५ नोव्हेंबर.
साहेबाची भूमिका कमरुद्दीन शिंप्याकडे. त्याने लाल कोट शिवूनही टाकला. साहेब नदीपलीकडूनच परतला तर कोट कोण पाहणार, असे त्याने अत्यंत अदबीने विचारले. येऊ द्यावा साहेब. तोफेची दारू भिजलेली निघेल.

९ नोव्हेंबर. रिहर्सल.
किल्लेदार म्हणजे तळ्यावरचा डोमा ढिवर. तोफ उडणारच नाही हे कळताच रुसून बसला. "मराले नाई भेटत तं मी काऊन उभा राहू, महाराज?" मंडईत मेल्यावाचून टाळी पडत नाही म्हणे. मरू द्यावा. आत्मा तसाही अमर आहे.

१२ नोव्हेंबर.
चित्त स्थिर नाही. नाटक संपत आले, इतिहास वळेना. कुटुंबाने भाजी निवडता निवडता सुचविले की खापरपणजोबांनाच "निघा" म्हणू द्यावे. हे मला आधीच सुचले होते; तिने केवळ उच्चारले. डोमा वेळेवर निघतो, तोफ हस्तगत करतो, मग मरतो. सर्व साधले.

१७ नोव्हेंबर.
उपाध्याय होणारा झिंगू हिवतापाने आडवा. ती भूमिका मीच करावी, असा ईश्वरी संकेत. वाक्य एकच. आता आमच्या घराण्यास, म्हणजे गढीस, न्याय मिळेल.

१८ नोव्हेंबर. कार्तिक शुद्ध चतुर्थी.
प्रयोगास पार चामोर्शीपासूनची माणसे आली होती. डोमाने तलवार उपसून विचारले, "सांगा महाराज, निघू का?"
पंचांगाप्रमाणे भद्रा हा अशुभ काळ लागलेला. त्यात कोणी उंबराही ओलांडू नये. नाटक झाले म्हणून काय, एका जिवंत माणसाला भद्रेत स्वारीवर धाडायचे?
मी म्हणालो, "थांबा."
तोफ आली, गढी पडली, डोमा फार चांगला मेला. त्यापूर्वी एक वन्समोर झाला, तोही माझ्याच वाक्याला. डोमाने पुन्हा विचारले. परंतु भद्रा उतरली नव्हती.