टाचणी लागलेल्या नोटांची अंतिम व्यवस्था

बुधवार, ११ जून

बरेच महिने या वहीकडे फिरकले नाही, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. कामाचा व्याप होता असे लिहिणार होते, पण व्याप कधी नसतो? खरे कारण आळस. शुक्रवारी माझे पित्ताशय काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "किरकोळ आहे हो." किरकोळ हा शब्द माणसे नेहमी दुसऱ्याच्या पोटाबद्दल वापरतात. म्हणून आज मृत्युपत्र लिहायला बसले आहे. सुट्या कागदावर लिहिले तर आमच्या दुकानात कोणीतरी त्यावर बाहीचा नमुना आखून कापून टाकील, म्हणून ते इथेच असू दे.

मी, खाली सही करणार, वय सेहेचाळीस, पदवीधर, अविवाहित, जुन्या कपड्यांची दुरुस्ती आणि नव्यांची मापे कमी-जास्त करून देणाऱ्या दुकानाची निम्मी मालकीण, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. दुपारी ती नव्हती, कारण मी बँकेत होते. घरी येऊन चहा घेतला, तासभर थांबले, आणि मगच पेन उचलले. मी हे कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. समोर मावशी बसून एका कोटाला गुंड्या लावते आहे. दर दोन ओळींनी ती "काय लिहिलंस?" असे विचारते, पण ते दडपण नव्हे, ती सवय आहे. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण आणि दुकानाची दुसरी निम्मी मालकीण. मला सुईत दोरा ओवायला तिनेच शिकवले.

कलम १. दुकानाची खोली भाड्याची आहे, ती देणे माझ्या हातात नाही. दोन्ही शिलाई मशीन, इस्त्रीचे टेबल आणि मोठी कात्री मावशीला. त्या कात्रीने कोणीही कागद कापू नये. हे मी वीस वर्षे सांगते आहे, मेल्यावर तरी ऐकावे.

कलम २. उंच आरसा वहिनीला. "तुमच्या आरशात मी जाड दिसते," असे ती प्रत्येक वेळी म्हणते आणि तरी प्रत्येक वेळी त्याच्यासमोर वळून वळून पाहते. आरसा सरळ आहे. हे वाक्य टोचून बोलण्यासाठी लिहिले का, असे स्वतःला विचारले. हो. तरी राहू देते, कारण आरसा खरोखर चांगला आहे.

कलम ३. कपाटाच्या खालच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, त्यातल्या नोटा. याला थोडे स्पष्टीकरण लागेल.

आमच्या दुकानात गिऱ्हाइकाने आगाऊ पैसे दिले की ती नोट आम्ही त्याच्याच कपड्याला टाचणीने लावून ठेवतो. ही पद्धत मावशीची. काम पुरे होईपर्यंत ते पैसे आपले नव्हेत, असा तिचा नियम आहे. पँटची उंची कमी झाली, इस्त्री फिरली, की टाचणी निघते आणि नोट गल्ल्यात जाते. त्यामुळे आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या बहुतेक नोटांना दोन बारीक भोके असतात. उजेडासमोर धरली तर दिसतात, एरवी नाही.

पूर्वी बँकेत रोखीच्या काउंटरवर एक जाड चष्म्याचे गृहस्थ असत. बोट ओल्या स्पंजवर टेकवून नोटा मोजत आणि म्हणत, "ताई, आज कमी टोचल्यात." ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी भिंतीत एक मशीन आले. ते नोटांची गड्डी आत घेते, खडखड करते, विचार केल्यासारखे थांबते आणि अर्ध्या नोटा परत ओकते. मग पडद्यावर अक्षरे येतात: कृपया पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा प्रयत्न केला की वेगळ्याच अर्ध्या परत येतात. मागच्या रांगेतले लोक उसासे टाकतात. माणसांच्या काउंटरवर जावे, तर तिथल्या मॅडम म्हणतात, "ही रक्कम मशीनमध्येच भरायची असते."

"मशीन घेत नाही हो."

"मग नोटा खराब असतील."

"खराब नाहीत. टोचलेल्या आहेत."

"का टोचता?"

या प्रश्नाचे उत्तर मी रांगेत उभी राहून आजवर अनेकदा दिले आहे. मॅडम ऐकून घेतात, मान हलवतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच विचारतात. आम्ही दोघी घरात त्यांना चौकशी मॅडम म्हणतो. त्यांचा यात दोष नाही, हे मला कळते. घरी आल्यावर कळते.

टाचणीऐवजी चिमटा लावून पाहावा, असे मी सुचवले होते. मावशी म्हणाली, "चिमटा सरकतो. आणि बँकेला आवडावं म्हणून मी माझी रीत बदलू? बँकेनं कधी माझ्यासाठी काही बदललं का?" बदललेले आठवेना, म्हणून टाचण्यांची नवी डबी आणली.

तर मशीनने नाकारलेल्या या सगळ्या नोटा दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला. दादाचे सर्व व्यवहार फोनवर होतात आणि त्याचे मत असे की बँकेची शिस्त आपण समजून घ्यायला हवी. त्याने त्या नोटा स्वतः रांगेत उभे राहून भराव्यात. भरून झाल्या की त्या त्याच्या. हे बक्षीस आहे की शिक्षा, ते तिसऱ्या फेरीला त्याचे त्यालाच उमजेल.

कलम ४. बँकेतले बचत खाते.

हे खाते मी कॉलेजात असताना उघडले. म्हणजे मी बँकेची जुनी ग्राहक आहे. माझ्या वाढदिवसाला पहिला संदेश बँकेचा येतो, उजाडायच्या आत. तीच बँक माझे स्वतःचे पैसे काढताना मला ओळखपत्र, त्याची प्रत आणि त्या प्रतीवर सही मागते. खाते उघडताना दादा सोबत आला होता. 'आपल्या पश्चात रक्कम कोणास' या ओळीपुढे त्याने स्वतःचे नाव लिहिले, कारण पेन त्याच्याकडे होते. मला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही. मी मरणार नव्हतेच.

अडचण अशी की खात्यातले निम्मे पैसे मावशीचे आहेत. तिचे स्वतःचे खाते नाही. एकदा उघडायला गेलो होतो. तीन ठिकाणी सही करायला सांगितली, तिने केली आणि तिन्ही वेगळ्या आल्या. मावशी भरतकाम करते तशीच सही करते. जागा पाहून, मनाला येईल तशी, कधी शेवटी वेलांटीला एक पान फुटते. साहेब म्हणाले, "सही जुळत नाही." मावशी म्हणाली, "हात तोच आहे ना? तो जुळवा." साहेबांनी अंगठ्याचे सुचवले. रोजचे वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचणाऱ्या बाईला अंगठा सुचवल्यावर काय होणार? ती उठून चालू लागली. तेव्हापासून तिचा वाटा माझ्या खात्यात जातो आणि ती म्हणते, "तुझी बँक म्हणजे माहेरची म्हैस. दूध तिकडेच."

आज दुपारी मी दादाचे नाव बदलून मावशीचे घालायला गेले होते. मॅडम म्हणाल्या, "बदलाचा अर्ज मुख्य शाखेत जातो. दहा-पंधरा दिवस धरा."

"माझं ऑपरेशन परवा आहे."

"अरे बापरे. काळजी घ्या हं," असे त्या अगदी मनापासून म्हणाल्या आणि पुढचा नंबर पुकारला.

दादा मावशीचे पैसे बुडवील असे मी म्हणत नाही. तो वाईट नाही. पण मावशीला त्याच्याकडे जाऊन मागावे लागेल, आणि तो "बघतो" म्हणेल. मावशीने आयुष्यात गिऱ्हाइकाकडेसुद्धा दोनदा मागितलेले नाही. म्हणून मी इथे असे लिहिले:

~~सदर खात्यातील निम्मी रक्कम मी माझ्या मृत्यूनंतर माझ्या मावशीस राजीखुशीने देत आहे.~~

वाक्य चांगले उतरले म्हणून तिला मोठ्याने वाचून दाखवले. तिची सुई थांबली.

"परत वाच."

परत वाचले.

"मेल्यावर देणार?"

"मृत्युपत्र आहे ना मावशी. मेल्यावरच देतात."

"म्हणजे माझेच पैसे मिळावेत म्हणून मी तुझ्या मरणाची वाट बघत बसू? आणि राजीखुशीनं गं काय? तुझे कुठं आहेत ते?"

मी त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवले.

"शुक्रवारी तू जिवंत राहिलीस तर माझं नुकसान, असं लिहिलंयस बघ तू," असे म्हणून ती हसायला लागली. मग मीही हसले आणि पित्ताशय दुखले.

ती चहा टाकायला आत गेल्यावर वाक्य पुन्हा वाचले. इतकी वर्षे दोघींचे एकत्रच आहे, असे मी म्हणत आले. पण पासबुकावर फक्त माझे नाव आहे. आणि आज, तिच्या हिताचे म्हणून जे लिहिले, त्यातही दाता मीच झाले. जे माझे नाही ते मृत्युपत्रात घालता येत नाही. इतके तर कायदा न शिकता कळायला हवे होते. कलम खोडले आहे.

आता ते असे: खात्यातील फक्त माझे निम्मे पैसे आधी ऑपरेशनच्या बिलाला आणि उरतील ते मावशीला. तिच्या निम्म्या पैशांचा या मृत्युपत्राशी काही संबंध नाही.

(मध्यंतरी उठून बँकेत फोन केला. मोठी रोख काढायची तर आदल्या दिवशी सांगावे लागते. चौकशी मॅडम निघायच्या बेतात होत्या.

"कारण काय लिहू? आजारपण, लग्न, घरदुरुस्ती?"

"ज्यांचे आहेत त्यांना द्यायचेत."

"असं कारण यादीत नाही हो."

"मग 'इतर' लिहा."

"'इतर'ला तपशील लागतो."

"मॅडम, त्या माझ्या मावशी. निम्मं दुकान त्यांचं आहे. पैसे त्यांना एकदा स्वतःच्या हातांनी मोजायचे असतील, आणि मग खातं उघडावंसं वाटलं तर तेही तिथेच उघडू. पण सही तीनदा तीन तऱ्हेची होईल. चालेल?"

त्या म्हणाल्या, "आणा त्यांना. मी स्वतः समोर बसते. कारण काय लिहायचं ते मी बघते." मी आभार मानले. थोडे रडू आले, ते पित्ताशयामुळे असेल.)

कलम ५. या वह्या कोणी वाचू नयेत. वाचल्याच तर शुद्धलेखन सुधारू नये.

वरील सर्व मी वाचून पाहिले. खोडलेली ओळ मीच खोडली आहे. रागाने लिहिलेले काही उरले आहे का, ते तपासले. कलम दोन आणि तीनमध्ये थोडे आहे, ते माझ्या इच्छेने ठेवले आहे.

साक्षीदार पहिला: शेजारचा इस्त्रीवाला. त्याने विचारले, "वाचून सही करू की न वाचता?" न वाचता म्हटल्यावर, "मग बँकेपेक्षा बरंय," म्हणून केली.

साक्षीदार दुसरी: वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टर. तिची सही कोणालाच वाचता येत नाही, तिच्याकडून बँकेने ती विनातक्रार घेतली आहे.

सही: माझी, नेहमीसारखी.

ठिकाण: दुकानामागची खोली, कापायचे टेबल.

दिनांक: वर दिला आहे तोच.

उद्याचे काम: मावशीला घेऊन बँकेत जाणे. मोजताना मध्ये न बोलणे.